दोरी ओढून खांदा निखळायची वेळ आली, आणि शिव्या मात्र ई-२०ला

जुलैतला रविवार होता. दोन चांगले पाऊस झाले होते, इंदूरमधल्या आमच्या कॉलनीच्या बगीच्यातली हरळी आठवड्याभरात घोट्याच्या वर आली होती, म्हणून माळीकाकांनी होळीनंतर ताडपत्रीखाली ठेवलेलं पेट्रोलचं लॉन मोवर बाहेर काढलं आणि दोरी ओढली. काही नाही. परत ओढली. मग मी ओढली, मग पोहे-जलेबीचा पुडा हातात घेऊन चाललेले समोरचे काका थांबले, त्यांनीही ओढून बघितली, आणि पंधरा मिनिटांत तिथे सात माणसं नि एकच चर्चा, की हे सगळं त्या ई-२०मुळे, म्हणजे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे. एकजण म्हणाला आजकाल पंपावर पाणीच विकतात. ओळखीच्या एका मिस्त्रीला फोन लावला तर त्याने मशीन न बघताच निकाल दिला, "भिया, इंजन बैठ गया होगा, खुलवाना पड़ेगा."

इंजिन बसलं नव्हतं. तासाभरात मशीन सुरू झालं, खर्च आला एक प्लग आणि अर्धा लिटर ताजं पेट्रोल. पण मधल्या तासात लक्षात आलं की हे मशीन आतून काय करतं हे आमच्यापैकी कोणालाच नीट माहीत नव्हतं. आणि ई-२०वर मत मात्र सगळ्यांचं तयार! म्हणून हे लिहितोय. ज्यांच्याकडे मोवर नाही त्यांनीही वाचा, कारण जनरेटर, फवारणीचा पंप, गवत कापायचं ब्रशकटर, सगळ्यांची गोष्ट थोडीफार हीच आहे.

## आधी स्टोव्ह आठवा

ज्यांच्या घरी रॉकेलचा पितळी स्टोव्ह होता त्यांना अर्धं इंजिन आधीच कळलेलं आहे. स्टोव्हमध्ये रॉकेल एका केसाएवढ्या भोकातून वर यायचं, त्यात हवा मिसळायची आणि निळी ज्योत लागायची. भोकात कचरा अडकला की ज्योत पिवळी, भांडी काळी, मग आई पिन घेऊन ते भोक साफ करायची. स्टोव्ह फेकून द्यायचा विचार कोणाच्या डोक्यातही यायचा नाही.

मोवरच्या इंजिनाला चारच गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल, ठिणगी आणि दाब. हवा एअर फिल्टरमधून येते. पेट्रोल आणि हवा योग्य प्रमाणात मिसळायचं काम कार्बोरेटर करतो, म्हणजे आपला स्टोव्हचा बर्नरच म्हणा. ठिणगी प्लग देतो. आणि पिस्टन ते मिश्रण दाबतो. दोरी ओढता तेव्हा पिस्टन वर-खाली होऊन हे सगळं पहिल्यांदा एकत्र येतं. चारपैकी एक जरी कमी पडलं तर इंजिन गप्प.

यातला दाब सहसा जात नाही, त्याला वर्षं लागतात. दोरी ओढताना हाताला चांगला विरोध जाणवत असेल, मध्येच जड लागत असेल, तर दाब ठीक आहे असं समजून पुढे जा. मिस्त्री ज्याला "इंजन बैठ गया" म्हणतात ते हेच, दाब संपणं, आणि तेच सगळ्यात क्वचित घडतं.

## कार्बोरेटरच्या पोटात काय असतं

खाली एक छोटी वाटी असते. त्यात थोडंसंच पेट्रोल साठतं, किती साठायचं ते एक तरंगता फ्लोट ठरवतो, अगदी फ्लशच्या टाकीतल्या गोळ्यासारखा, पेट्रोल वाढलं की तो वर येऊन वाट बंद करतो. त्या वाटीतून पेट्रोल एका पितळी तुकड्यातल्या बारीक भोकातून वर ओढलं जातं. त्या तुकड्याला जेट म्हणतात. तेच स्टोव्हचं निपल.

मशीन चार महिने पेट्रोलसकट उभं राहिलं की पेट्रोलमधला हलका, पटकन पेट घेणारा भाग आधी उडून जातो आणि मागे उरतो तो जड भाग, जो हवेशी संयोग होऊन हळूहळू चिकट होतो. तळणीचं तेल कढईत तसंच राहिलं की कडेला जो पिवळट चिकटा धरतो ना, नखाने खरवडला तरी निघत नाही, तस्साच. वाटीत चमचे-दोन चमचेच पेट्रोल असतं, त्यामुळे तिथे हे सगळ्यात लवकर होतं. आणि जेटचं भोक इतकं बारीक की चिकट्याचा एक पापुद्राही पुरतो. इंजिनं बनवणाऱ्या कंपन्या महिन्याच्या वर जुनं पेट्रोल वापरू नका म्हणतात ते यासाठी. आपण मात्र होळीला ठेवतो आणि जुलैत काढतो, तेही इंदूरच्या मे महिन्याच्या उन्हात शिजवून.

## मग ई-२०चा यात हात किती?

ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल आणि ८० टक्के पेट्रोल. इथेनॉल हे अल्कोहोलच, उसाच्या मळीपासून, मक्यापासून, तांदळापासून काढलेलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये काही पंपांवर ते आलं, देशभर द्यायचं लक्ष्य आधी २०३०चं होतं ते २०२५वर आणलं, आणि २०२५च्या उन्हाळ्यानंतर गाडीवाल्यांची ओरड सुरू झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याविरुद्धची जनहित याचिका फेटाळली. म्हणजे आता नळाला जे येतं ते पाणी आणि पंपावर जे मिळतं ते पेट्रोल.

लहान इंजिनाला इथेनॉल तीन ठिकाणी नडतं.

पहिलं म्हणजे ते पाणी ओढतं. पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी राहिली की मीठ ओलं होतं, तसं. थोडं पाणी इथेनॉल पोटात घेतं आणि काही कळू देत नाही, पण प्रमाण हाताबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल दोघं मिळून पेट्रोलची साथ सोडतात आणि तळाशी जाऊन बसतात. आणि टाकीतून पेट्रोल बाहेर पडायची नळी नेमकी तळाशी. म्हणजे दोरी ओढल्यावर कार्बोरेटरमध्ये आधी काय जाणार ते बघा. हा पाणेरी थर कार्बोरेटरच्या धातूलाही खातो, वाटी उघडल्यावर आत पांढरी-हिरवट भुकटी दिसली तर ती हीच.

दुसरं, जुन्या रबरी नळ्या, वायसर, गॅस्केट (सांध्यातलं पॅकिंग) इथेनॉलने फुगतात किंवा कडक होऊन चिरतात. नवीन मशिनात रबर बदललेलं असतं, जुन्यात नसतं. बऱ्याच लहान इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं आहे, आपलं काढून बघा.

तिसरं थोडं गणिताचं आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला ९च किलो. म्हणजे इथेनॉल घातलं की तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यायला हवं. मोवरच्या जेटचं भोक कारखान्यात ठरलेलं, ते काही मोठं होत नाही, त्यामुळे इंजिन जरा उपाशीच चालतं, जरा गरम होतं, थंड असताना सुरू व्हायला कुरकुर करतं. शिवाय एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ताकद कमी, म्हणजे ई-२० मध्ये ६-७ टक्के घट. लॉन कापताना ते कळतही नाही, उंच गवतात मशीन थोडं लवकर दमतं इतकंच.

आता आमच्याच मशीनचं सांगतो. मार्च ते जून इंदूरची हवा इतकी कोरडी असते की हवेतून पाणी ओढून ओढून किती ओढणार! वाटी उघडली तेव्हा भुकटी नव्हतीच, होता तो मधासारखा पिवळा चिकटा. म्हणजे खरं काम उन्हाने आणि चार महिन्यांच्या आळसाने केलं होतं. इथेनॉल नसलेलं जुनं पेट्रोल असतं तरी चार महिन्यांत हेच झालं असतं, थोडं कमी कदाचित. टाकीच्या तळाशी पाण्याचा थर मात्र सापडला, पण तो जुलैच्या पावसाचा, झाकणाचं वायसर फाटलं होतं तिथून आलेला. तो कसा सापडला? टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून उजेडात धरलं, खाली बोटभर जाडीचा गढूळ थर स्पष्ट दिसला, मध्ये रेघ मारल्यासारखी. सातही जण दोन मिनिटं गप्प झाले.

## "पण माझ्या स्कूटरला तर काहीच होत नाही"

हा प्रश्न हमखास येतो, आणि बरोबरच आहे. स्कूटर रोज चालते. तिच्या टाकीतलं पेट्रोल आठवड्यात संपतं आणि नवीन येतं, त्याला शिळं व्हायला वेळच मिळत नाही. शिवाय २०२०नंतरच्या बहुतेक गाड्यांमध्ये कार्बोरेटर नाहीच, त्याऐवजी इंजेक्शन आहे, म्हणजे धूर तपासून इंधन कमी-जास्त करणारा एक छोटा कॉम्प्युटर. मोवरकडे कॉम्प्युटर नाही, रोजचं काम नाही आणि टाकीच्या झाकणाला हवा जायला भोक आहे. त्याला जे मिळेल ते गिळून तो कोपऱ्यात बसतो.

## दोरी ओढून दमलात? थांबा, प्लग काढा

कशालाही हात लावायच्या आधी प्लगची टोपी काढायची, ती जाडी काळी वायर असते तिच्या टोकाची. ती लावलेली असताना पात्याला हात लावून फिरवलं तर इंजिन सुरू होऊ शकतं, आणि मग बोटं मोजायला लागतात. हे मी गमतीत नाही म्हणत. हिशोब केला तर २० इंची पातं मिनिटाला ३००० फेरे मारतं तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी २८५ किलोमीटरच्या आसपास जातो, आपली इंदूर-नागपूर वंदे भारत जेमतेम त्याच्या निम्म्या वेगाने पळते.

हँडलची ती आडवी दांडी, जी दाबून धरावी लागते, ती पूर्ण दाबलीय ना ते आधी बघा. ती सोडली की ठिणगी बंद होते, सुरक्षेसाठीच केलेलं असतं. तिची केबल सैल असली की दाबूनही पूर्ण दाबली जात नाही आणि माणूस अर्धा तास उगाच दोरी ओढतो. हसू नका, झालंय.

मग प्लग खोला. पाचसहा वेळा दोरी ओढून झाल्यावर प्लगचं टोक कोरडं असेल तर पेट्रोल येतच नाहीये. ओलं असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाहीये, किंवा चोक (हवा अडवून पेट्रोल जास्त देणारा खटका) देऊन देऊन तुम्हीच इंजिन बुडवलंय. बुडवलं असेल तर प्लग बाहेर ठेवून, चोक न देता, पाचदहा वेळा दोरी ओढा, जादाचं पेट्रोल उडून जाईल. प्लग काळाकुट्ट असेल तर ब्रशने घासा, किंवा सरळ नवीन घ्या, सियागंजच्या बाजारात शंभर-दोनशेत मिळतो. टोकातली फट साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असावी.

कोरडा प्लग असेल तर माझी आवडती परीक्षा: प्लगच्या भोकात चहाच्या चमच्याचा पाव हिस्सा ताजं पेट्रोल टाका, प्लग लावा, टोपी लावा, दोरी ओढा. दोन सेकंद फटफट करून बंद पडलं तर टाळ्या वाजवा, कारण ठिणगी आहे, दाब आहे, अडलंय ते फक्त पेट्रोल येण्याच्या वाटेवर. आमचं नेमकं हेच झालं. मिस्त्रीचं "इंजन बैठ गया" तिथेच निकालात निघालं.

मग वाट साफ करायची. टाकी रिकामी करा, कार्बोरेटरखालचा एकच बोल्ट काढा, वाटी हातात येते. बऱ्याच मॉडेलात तो बोल्टच जेट असतो, त्याच्या अंगात बारीक भोकं असतात, तो उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का बघा. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारा, नसेल तर ताज्या पेट्रोलमध्ये तासभर भिजत ठेवा. आणि इथे स्टोव्हची सवय सोडा: जेटमध्ये पिन किंवा सुई घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की पेट्रोल कायमचं जास्त यायला लागतं. इलेक्ट्रिकच्या वायरमधली एक तांब्याची तार घ्या, ती पुरते. हे सगळं उघड्यावर करा, सिगारेट ओढणाऱ्या सल्लागारांना लांब उभं करा, आणि इंजिन गार असतानाच.

## सुरू होतं, दहा मिनिटांनी बंद पडतं

गोडेतेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो, एकातून तेल येतं आणि दुसऱ्यातून हवा आत जाते. एकच पाडलं तर तेल गुडगुड करत थांबतं. टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक मातीने बुजलं की हेच होतं. बंद पडल्या पडल्या झाकण सैल करा, फुस्स आवाज आला आणि मशीन परत चालू झालं, तर रोग सापडला. झाकण धुवून घ्या. इतकंच. या एका गोष्टीसाठी लोक नवा कार्बोरेटर घालून घेतात.

## आवाज वर-खाली होतो, जसं कोणी रेस देतंय नि सोडतंय

इंजिन उपाशी असल्याचं हे लक्षण. चोक अर्धा ओढून बघा. तेवढ्याने आवाज सरळ झाला तर जेट अर्धवट बुजलंय किंवा कार्बोरेटरच्या गॅस्केटमधून फालतू हवा शिरतेय. आधी जेट साफ करा, बहुतेक वेळा तेच असतं.

## धूर

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी: एअर फिल्टर काढून बघा, आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते आणि फिल्टर थापून टाकते. फोमचा असेल तर साबणाने धुवून पूर्ण वाळवा, कागदाचा असेल तर झटका, नाही निघाली धूळ तर बदला.

पांढरा-निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइल जास्त भरलंय, किंवा, आणि हे आमच्या पिढीचं खास दुखणं आहे, मशीन चुकीच्या बाजूला आडवं केलंय. स्कूटर तिरकी करून किक मारायची सवय हाताला लागलेली असते, मोवरही तसंच कुठल्याही कुशीवर टाकतो. तर ऑइल एअर फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये शिरतं. आडवं करायचंच असेल तर कार्बोरेटरची बाजू आकाशाकडे राहिली पाहिजे. झालंच असेल तसं तर प्लग काढून दोरी हळूहळू ओढा, फिल्टर साफ करा, सुरू केल्यावर दहाएक मिनिटं धूर येईल आणि थांबेल.

## दगड लागला आणि नंतर सुरूच होईना

उन्हाळ्यात काळी माती भेगाळते आणि खालचे खडे वर येतात, पहिल्या पावसानंतर गवतात ते दिसत नाहीत. पातं दगडावर आपटून इंजिन धाडकन बंद पडलं, आणि त्यानंतर दोरी ओढताना ती हाताला उलटा झटका देते, तर वरच्या जड चाकाखालची एक छोटी चावी कापली गेली असण्याची शक्यता मोठी. चावी म्हणजे नखाएवढा मऊ धातूचा तुकडा, आपल्या फ्यूजसारखा, मोठं नुकसान होऊ नये म्हणून मुद्दाम कच्चा ठेवलेला. ती सरकली की ठिणगी चुकीच्या वेळी पडते. हे काम मात्र मिस्त्रीकडेच न्या, ते चाक काढायला पुलर, म्हणजे ओढून काढायचं खास हत्यार, लागतो. आणि त्याला सांगा काय झालं ते, "दगड लागला" हे सांगायला लाजू नका, नाहीतर तो कार्बोरेटरपासून सुरुवात करेल.

मशीन थरथरत असेल तर पातं काढून भिंतीतल्या खिळ्याला मधल्या भोकाने अडकवा. एक बाजू खाली गेली तर ती जड, तीच थोडी घासा. परत लावताना वर वळलेली कड मशीनच्या छपराकडे, उलटं लावलं तर गवत कापलं न जाता नुसतं झोपतं.

## "एवढी कटकट कशाला, इलेक्ट्रिक घ्या ना"

घरापुढे खाटेएवढं लॉन असेल तर खरंच घ्या. आमचा बगीचा मोठा, वायर पुरत नाही, आणि बॅटरीचं चांगलं मशीन सोसायटीच्या मीटिंगमध्ये मंजूर होईपर्यंत हरळी गुडघ्याला लागेल. शिवाय पेट्रोलच्या मशीनला लागतं काय, तर फक्त एक सवय. महिनाभर वापर नसेल तर टाकी रिकामी करायची आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे वाटीतलंही संपतं. पेट्रोल एकावेळी एक-दीड लिटरच आणायचं, धातूच्या कॅनमध्ये, आमच्या पंपावर तसंही प्लास्टिकच्या बाटलीत देत नाहीत. काढलेलं जुनं पेट्रोल चांगलं दिसत असेल, थर नसेल, तर स्कूटरच्या भरलेल्या टाकीत थोडं थोडं घालून संपवा. थर असलेलं कशातच घालू नका आणि नालीत तर अजिबात ओतू नका, गॅरेजवाल्याकडे द्या.

ज्यांना पंपावरच्या पेट्रोलवर शंकाच आहे त्यांच्यासाठी, काचेच्या जुन्या दुधाच्या बाटलीत, जिच्यावर मिलीच्या खुणा असतात, १०० मिली पेट्रोल आणि ५० मिली पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या, घरात नाही, अंगणात. इथेनॉल पाण्यात उतरतं, खालचा थर ५० वरून ७०च्या आसपास गेला तर तुम्हाला मिळालंय ते ई-२०. आम्ही केलं, ७०च्या जरा खाली आला. पाणी विकतात म्हणणारे तेव्हापासून दुसऱ्या विषयाकडे वळलेत.

माळीकाकांनी आता टाकीच्या झाकणाला सुतळी बांधायला सुरुवात केलीय. सुतळी असली म्हणजे टाकी रिकामी, सोडली म्हणजे पेट्रोल भरलंय. मी म्हटलं चिठ्ठी लावू, तारीख घालून, तर म्हणाले चिठ्ठी पहिल्या पावसात जाईल साहेब, आणि गेल्या खेपेला काय पावसातच गेलं ना सगळं.